मिश्रीचे डाग

सासूबाईंच्या आतड्यात काळे डाग निघाले आणि मी त्यांच्याशी आठ दिवस बोलले नाही.

गोदूबाई म्हणजे पनवेलच्या मासळी बाजारात चाळीस वर्षं बसलेली बाई. दातांना भाजलेल्या तंबाखूची काळी मिश्री लावल्याशिवाय टोपलीला हात लावायच्या नाहीत. रिया झाली तेव्हा मीच हट्ट धरून त्यांना नातीच्या डोक्यावर हात ठेवायला लावला. "परत नाय लावनार," त्या म्हणाल्या. त्याला पाच वर्षं झाली.

मग पोट दुखायला लागलं म्हणून दुर्बीण घालून तपासलं. डॉक्टर ऋचांनी पडद्यावर दाखवलं. लहान आतड्याच्या सुरुवातीला, गुलाबी अस्तरावर तीळ सांडल्यासारखे काळे ठिपके. "असं क्वचित दिसतं. तुकडा तपासायला पाठवते," त्या म्हणाल्या. मला म्हणाल तर हातच्या कांकणाला आरसा कशाला?

रिक्षात बसल्याबसल्या मी विचारलं, "आई, मिश्री गिळलीत ना? माझ्या पोरीची शपथ घेऊन?"

त्या बाहेर बघत राहिल्या. हो नाही की नाही नाही.

रियाला त्यांच्या हातून भरवू द्यायचं मी बंद केलं. राग खरा होता, पण आपलंच खरं ठरल्याचं सुखही त्यात होतं, खोटं कशाला बोलू? रोज दुपारी त्यांची रक्तवाढीची गोळी मात्र तोंडातून चकार शब्द न काढता तळहातावर ठेवत होते.

रिपोर्ट आला. "कॅन्सर नाही, अपाय नाही. दुखणं आम्लपित्ताचं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "ठिपक्यांत लोह सापडलंय. लोहाच्या गोळ्या चालू आहेत?"

"चार वर्षं," मी म्हटलं. "मीच देते."

"मग बहुधा त्यांचेच. गोळी चालू राहू दे."

"मिश्रीनं नाही होत असं?"

"नाही."

बाहेर बाकावर सासूबाईंनी कनवटीची मिश्रीची डबी काढून माझ्यापुढे उघडली. आत काहीच नव्हतं.

"पाच वर्सं रिकामी हाय," त्या म्हणाल्या. "रोज नुसता वास घेतंय. मना वाटला, वासानंच आतून काली झाले. म्हनून बोलले नाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी तळहात पुढे केला.

"गोली दे. टाइम झाला."