भट्टीवरचा पहारेकरी

रुद्राणीच्या खानावळीत साहेब चौकशीला आला तो नेमका जेवणाच्या वेळेला. सरकारी माणसाला भूक आणि काम एकदमच लागतं. कपडे साधे, पण पायात बूट पोलिसाचे. अख्ख्या साखर पेठेनं ओळखलं; आपण गुपचूप आलोय असं एकट्या त्यालाच वाटत होतं.

रुद्राणीचा थोरला नागप्पा सरकारी पहारेकरी म्हणून निवडला गेला होता. कुठं, ते त्यानं आईला सांगितलं नव्हतं. चटणीत मीठ नसलं तरी न बोलता गिळणारं ते पोर. आता घरची माणसं बरं बोलली, की नेमणूक पक्की होणार होती.

"मुलाला भट्टीवर पाठवायला तुमची हरकत नाही ना?" साहेबानं भाकरी मोडत विचारलं.

रुद्राणीचे पिठातले हात थांबले.

"आमी लिंगायत हाव. सात पिढ्या दारूच्या वासाला उभं न्हाय. आन् सरकारची हातभट्टी राखाय माझं पोर? जायचं न्हाय."

आमटी वाढणाऱ्या नागप्पाचं तोंड पिठागत पांढरं पडलं.

"अहो आक्का, अणुभट्टी! तिथं वीज तयार होते."

"वीज व्हय?" तिनं वरच्या विझलेल्या दिव्याकडं पाहिलं. "ती तर चोरीला गेलीच की. आता पहारा कशाला?"

पंगत हसली. ते साहेबाला लागलं.

"घातपाती आत शिरले, स्फोट केला, तर मुलूख ओसाड होईल. म्हणून तर आम्ही माणूस पारखून घेतो."

मग दारूचा संशय पुरता फिटावा म्हणून कुंपण केवढं, मागच्या फाटकावरचा पहारा कधी बदलतो, कुत्री कुठं बांधतात, सगळं त्यानं रंगवून सांगितलं. पंगतीला बसलेले मंद्रूपचे व्यापारी, ट्रकवाला रहिमतुल्ला, सगळे आमटी गार करून ऐकत राहिले.

रुद्राणीनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

"साहेब, हे तुमी परत्येक खानावळीत सांगता, का आमचीच लई आवडली?"

साहेबानं मान वर करून पहिल्यांदाच पंगतीकडं पाहिलं.

"बोलो ना साब," रहिमतुल्ला म्हणाला, "कुत्त्यां के नामां बी बता देव."

साहेब नागप्पाकडं वळला. आवाज पार खाली आला होता. "तू काय ऐकलंस?"

"काय न्हाय."

"मागच्या फाटकाचं?"

"कुठलं फाटक?"

त्या मुक्या पोराकडं रुद्राणीनं जन्मात पहिल्यांदा कौतुकानं पाहिलं.

"न्ह्या ह्याला," ती म्हणाली. "पारखणारे असं असल्यावर तितं तोंड मिटणारा एक तरी पायजे की. आन् साहेब, ताक घ्या. पिताना बोलता येत न्हाय."