कुंडीतलं रक्त

लुकांग गावातल्या त्या घरात एवढी गर्दी, की मुंगीनंसुद्धा अंग चोरून आत यावं! सगळ्यांच्या माना बुवानं पलंगाजवळ आणून ठेवलेल्या कुंडीकडे. सकाळी पांढरंशुभ्र असलेलं फूल दुपारी लाल व्हायला लागलं होतं.

"बघा!" त्साय बुवानं घंटी बडवली. "हरेक बाईचं झाड स्वर्गात असतं. हे फूल सियुलानच्या झाडाचं! डॉक्टरणीनं सुरी घातली, मूळच कापलं. पोराचं रक्त फुलात उतरतंय! आता खोलीबाहेर पाऊल नको. दवाखाना तर नकोच नको! दक्षिणा ठेवा, पूजा मी मांडतो!"

सियुलान पलंगावर आक्रसून बसली होती. खिडकी बंद, दाराला मंत्राचा कागद, गर्भाला बाधतात म्हणून घरातल्या कात्र्यासुद्धा लपवलेल्या. तीन गर्भ आधी गेले होते तिचे. गर्भाशयात जन्मापासूनच मधोमध पडदा होता. डॉक्टर ऊ बाईंनी तो काढला, मग पुन्हा दिवस राहिले, आणि आता पाचवा महिना लागला होता. इथवर ती कधी पोचलीच नव्हती. आज तपासणी होती, आणि दारात सासू.

"आई, जाऊ द्या ना मला."

"आणि पोर गेलं तर?" सासू दारातून हलली नाही.

सियुलाननं फुलाकडे नीट पाहिलं. लाली पाकळ्यांच्या शिराशिरांतून चढत होती. रक्त असं चढतं? असं तर पाणी चढतं! तिनं हात पुढे केला.

"खबरदार!" बुवा ओरडला. "हात लावलास तर पोर जाईल!"

तिचा हात थांबला. पोट धरून तिनं डोळे मिटले, अन् फूल खसकन उपटलं.

मूळ नव्हतंच! नुसता देठ, अन् मातीत पुरलेली बाटली. बाटली कलंडली, अन् लाल पाणी अडवायला धावलेल्या सासूच्या बोटांवर सांडलं.

सासूनं बोटं निरखली. "अगं बाई! हा तर माझा, तांदळाच्या पिठाच्या कासव-वड्या लाल रंगवायचा रंग! कालच हा मेला घेऊन गेला, म्हणे देवाला नैवेद्य करतो!"

बुवा घंटी टाकून पळाला.

"पडदा काढला म्हणून काळजी मिटली असं नाही हं," डॉक्टर ऊ बाई त्या संध्याकाळी दवाखान्यात म्हणाल्या. "पण बाळाला आता जागा आहे. तपासायला येत राहा."

बाळाच्या काळजाची धडधड धडधड ऐकू आली. सासू लाल बोटं बाहीत लपवून रडत होती.

तर बायांनो, फूल लाल झालं की आधी कुंडी उकरा. अन् पोटातल्या पोराची काळजी वाटली, तर कोंडून घेऊ नका, दवाखाना गाठा.