अर्ध्या अर्ध्या बोटाचा झगा

“श्वास आत घे,” सून म्हणाली. नातीनं घेतला, तरी निळ्या झग्याचा हूक काही लागेना.

माझा मुलगा शिंपी. त्यानं कात्री ठेवली, पोरीच्या कमरेला टेप लावली आणि पांढराफटक पडला. मी नातीला सांगत होतो की, तरुणपणी मी एका पहिलवानाचा कोट शिवला आणि त्याच्या एका खिशात बसून दुसरा शिंपी काजं करत होता. ती गोष्ट तशीच राहिली.

कारण आमच्या घरात कर्करोग झग्यातूनच शिरला होता. वर्षापूर्वी असाच एक कमरेत दाटला. आम्हाला वाटलं, पोर अंग धरतेय. निघाली पोटात गाठ. मग सुया, उलट्या, गळलेले केस. पोरीची पार काडी झाली. हा निळा झगा त्या दिवसांतला. शेवटचा डोस होऊन चार महिने झाले होते.

दवाखान्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाईंनी नातीला आत ठेवून घेतलं आणि आम्हाला बाहेर बाकावर बसवलं. सुनेनं पर्सची चेन चारशे वेळा उघडली नि लावली. मोजण्यात मी कधी खोटं बोलत नाही.

“ती वाळत होती ना,” मुलगा खालच्या आवाजात म्हणाला, “तिला कळू नये म्हणून मी झगा दोन्हीकडून अर्धं अर्धं बोट आत घेतला होता. ते धरूनही इतका घट्ट व्हायला नको.”

चेन थांबली.

“अहो, मीपण घेतला होता.”

“काय?”

“आत. तुम्ही दुकानात असताना. तुम्हालाही कळू नये म्हणून.”

मग दोघं माझ्याकडे बघायला लागले.

“मला काय विचारता? मला सुईत दोरा दिसत नाही.”

“बाबा.”

“एकदाच,” मी म्हणालो. “बरं, दोनदा.”

मुलगा बोटांवर हिशेब करू लागला. अर्धं, अर्धं, पुन्हा अर्धं. हिशेब जुळत होता, पण हसायची छाती कुणाला होईना. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या.

“पोट साफ आहे. गाठबीठ काही नाही. वजन तीन किलोंनी वाढलंय. घरी काय खायला घालता?”

“मागेल ते,” सून म्हणाली आणि पदरात तोंड लपवून रडली.

“मी जाड झाले?” नातीनं आतून येत विचारलं.

“झालीस,” मुलगा म्हणाला. “चांगली झालीस.”

परत येताच त्यानं नवं कापड काढलं. कधी मापात न चुकणारा माणूस. पण झगा नातीच्या अंगावर घातला, तर बाह्या बोटांखाली लोंबल्या आणि घेर फरशी पुसू लागला.

“अहो, हा दहा वर्षांच्या मुलीचा झाला. ही सातची आहे.”

“मग होईल की दहाची.”

तो झगा त्यानं दुकानात गिऱ्हाइकांच्या कपड्यांशेजारी टांगला. वर रीतसर चिठ्ठी टाचली: नातीचं नाव आणि द्यायची तारीख, तीन वर्षांनंतरची. माझ्या मुलानं आजवर गिऱ्हाइकाला दिलेली एकही तारीख पाळलेली नाही. ही मात्र त्यानं पेनानं दोनदा गिरवली होती.