चुन्याचं कुणी विचारलंच नाही

शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात एकतीस वर्षं काढलेल्या मामांना निवृत्तीचे वेध लागले, तेव्हा त्यांच्या डोक्यातलं सगळं कागदावर उतरवायचं काम नव्या अभियंता बाईंवर आलं. दोन महिने ती त्यांच्या मागे वही घेऊन फिरली. पाणी किती गढूळ असलं की तुरटी किती, टाक्या कधी धुवायच्या, सगळं लिहिलं. एकशे सदतीस पानं भरली. साहेबांनी पाठ थोपटली. मामा लेकीकडे राहायला गेले.

नवव्या दिवशी सकाळी नदीला तांबडं पाणी आलं. तिने वहीतलं पान काढलं आणि तुरटी वाढवली. एरवी थोड्याच वेळात पाण्यात कापसासारखे पुंजके धरतात, गाळ तळाला बसतो. आज धरेचनात. तिने तुरटी आणखी वाढवली. पाणी तांबडं ते तांबडंच. तिने शहराकडे फक्त साठवणीच्या टाकीतलं, आधीच शुद्ध केलेलं पाणी सोडायला लावलं. ते जेमतेम तीन तास पुरणार होतं. तिने मामांना फोन लावला.

“मामा, वहीप्रमाणे सगळं केलं. गाळ बसत नाहीये.”

“तुरटी किती टाकलीत?”

तिने आकडा सांगितला.

“बरोबर चुना दिलात का?”

“चुन्याचं तुम्ही कधी बोललाच नाहीत.”

“तुम्ही विचारलं नाहीत. आणि बाई, मी चुना घालतो हे माझ्या तरी कुठं लक्षात होतं? हातच जायचा तिकडे. तुरटी फार झाली की पाणी आंबटतं, मग पुंजके धरत नाहीत.”

“किती घालू?”

“इथून कसं सांगू? आधी काचेच्या भांड्यांत घालून बघा. घाई नको.”

तिने सहा भांड्यांत तेच तांबडं पाणी घेतलं आणि प्रत्येकात चुना थोडा थोडा वाढवत नेला. घाईत पहिला चुना टेबलावरच सांडला. चौथ्या भांड्यात पुंजके धरले. तेवढ्या प्रमाणात तिने मोठ्या टाकीत चुना सोडला आणि कठड्याला धरून उभी राहिली. स्वच्छ पाणी पुढे गेलं, तेव्हा साठवणीत वीस मिनिटांचं पाणी उरलं होतं.

“हेही वहीत लिहा,” साहेब म्हणाले.

“लिहीन. पण आठवड्यातून दोन दिवस मामांना बोलवा. काम मी करेन, त्यांनी नुसतं बघायचं.”

मामा आले, स्टुलावर बसले. नदीचं पाणी पुन्हा गढुळलं, तशी ती तुरटी वाढवायला नळ फिरवायला गेली.

“थांबा,” मामा म्हणाले.

“का?”

“सांगता येत नाही. थांबा जरा.”

ती थांबली. दहा मिनिटांत नदीवरून येणारं पाणी आपसूक निवळलं. वाढवलेली तुरटी अंगाशी आली असती.

जाताना जिना चढून बाहेर पडेपर्यंत मामांना दोनदा टेकावं लागलं. ती खालून बघत होती. तिच्या हातून अजून पुष्कळ चुका व्हायच्या होत्या, आणि त्या मामांच्या डोळ्यांदेखतच व्हायला हव्या होत्या.