मुलांना न उघडता येणारी पेटी

खट्ट.

दुपारचं सामसूम घर. धाकट्याला पाजता पाजता माझाही डोळा लागला होता. आवाज आमच्या झोपायच्या खोलीतून आला. बाळाला तसंच छातीशी धरून धावले.

चार वर्षांची विनी पलंगावर मांडी घालून बसली होती. समोर माझ्या नवऱ्याची, ग्रेडीची लोखंडी पेटी, सताड उघडी. आत त्याचं पिस्तूल, तिच्या इवल्याशा गुडघ्यापासून वीतभर अंतरावर.

"बुक्की मारली की उघडते," ती खुशीत म्हणाली. "बिस्किटांच्या डब्यासारखी."

मी एका हातानं पेटी तिच्यापासून दूर ओढली.

संध्याकाळी ग्रेडीला सांगितलं. "तूच उघडी ठेवली असशील," तो म्हणाला. "झोप होत नाही तुझी." पिस्तूल उचलून त्यानं ट्रकमध्ये कुलपात टाकलं. "पेटीचा निकाल लागेपर्यंत," म्हणाला.

पेटी पिस्तुलासोबतच घेतलेली. झाकणावर ठळक छापलं होतं : मुलांना उघडणं अशक्य. मी रिकामी पेटी घेऊन त्या बंदुकांच्या दुकानात गेले, तर दुकानदार हसला. "पोरगी हुशार आहे हो तुमची. पण बंदुकीच्या कायद्यात मला कुणी धरू शकत नाही. माझे परवाने चोख आहेत."

मी राज्याच्या ग्राहक संरक्षण कार्यालयात फोन लावला. आठवड्याभरानं तिथल्या लिंडक्विस्टबाई बर्फ तुडवत घरी आल्या.

"बंदुकीचा कायदा राहू द्या," त्या म्हणाल्या. "टोस्टर खोटं सांगून विकला तर जो कायदा लागतो, तोच इथे लावून बघू. झाकणावर छापलंय ते खरं की खोटं, एवढाच प्रश्न."

"रात्री कुणी दार फोडून आलं, तर त्याला टोस्टर फेकून मारू?" ग्रेडी म्हणाला.

बाईंनी पेटी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. ग्रेडीनं स्वतः कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं.

"विनीराणी, दाखव बरं."

विनीनं मूठ वळली. बुक्की. खट्ट.

ग्रेडी खुर्ची ओढून पेटीसमोर बसला.

"ही विक्री मी आजच थांबवायला सांगते," बाई हलकेच म्हणाल्या. "पण अशा पेट्या आधीच किती घरांत गेल्यात, कोण जाणे."

ग्रेडी रिकाम्या पेटीत बघत राहिला. मी विनीची मूठ माझ्या हातात घेतली. अजून ऊबदार होती.

"आई," तिनं विचारलं, "मग आता बाबांची बंदूक घरात कशात ठेवायची?"