अर्ध्या लिटरची चादर

मी चादर बोलतेय, राजेहो. चिखलीतल्या एका नर्सिंग शाळेची पांढरी चादर. जन्माने पलंगावरची, पण पडदा विकत घ्यायची इथे कोणाची दानत नव्हती, म्हणून मला चार खिळ्यांवर भिंतीला टांगलं.

तीन वर्षं देवानंद सरांनी माझ्या अंगावर प्रोजेक्टरने अक्षरं पाडली आणि तीच वाचून दाखवली. पोरींना वाचता येत नाही असं त्यांना कोणी सांगितलं होतं, देव जाणे. पोरीही तशाच. मान खाली घालून उतरवून घ्यायच्या, मथळ्याखाली दोन रंगांच्या रेघा मारायच्या. बाळंतपणानंतर पाचशे मिलिलिटरच्या वर रक्त गेलं की बाईच्या जिवाला धोका, हे वाक्य महामायाला तर झोपेतही पाठ. वर्गात पहिली ना ती!

मग रेणुका मॅडम आल्या. पुढच्या महिन्यात ह्याच पोरींना खऱ्या बाळंतिणी सांभाळायच्या होत्या. मॅडमनी मला उतरवून जमिनीवर अंथरलं, रंगपंचमीचा उरलेला लाल रंग पाण्यात कालवला आणि पोरींची पाठ वळलेली असताना माझ्यावर ओतला. किती सांडलं, ते जिने तिने चिठ्ठीवर लिहायचं. महामायाने लिहिलं, कपभर. मॅडमनी मोजायचा मग दाखवला. सहाशे! घ्या, ही पाठांतराची राणी.

मग दर गुरुवारी हेच. कधी माझ्यावर, कधी कापसाच्या घडीवर. हळूहळू चिठ्ठ्या खऱ्या निघायला लागल्या. सर दारातूनच म्हणायचे, पोरखेळ लावलाय.

परवा महामाया दवाखान्यातून वर्गात आली आणि मॅडमना सगळं सांगितलं. काजल नावाची बाई नुकतीच मोकळी झाली होती, रक्त थांबत नव्हतं. थोरल्या सिस्टर म्हणाल्या, एवढं तं जातेच. ही तिच्या अंथरुणाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "नाही सिस्टर, हे अर्ध्या लिटरच्या वर हाये. मी पाह्यलं हाये एवढं. डॉक्टरले बोलवा."

डॉक्टर धावत आले, काजल वाचली. सांगता सांगता पोरगी ढसाढसा रडली. कपभर म्हटलं असतं तं, मॅडम? त्या दिवसापासून तिला हसायचं मी सोडलं.

सरांना हसणं मात्र माझं काही सुटत नाही. तपासणी येतेय, म्हणून मला ब्लीचिंगच्या पाण्यात घालून पुन्हा भिंतीवर टांगा, असा त्यांचा हुकूम आहे. बादली भरून ठेवलीय. मॅडम, महामाया, कोणीतरी उचला मला. माझे डाग राहू द्या. सोमवारी नव्या पोरी येतायत, आणि त्यांच्यातल्या एकीनेही अजून अर्धा लिटर पाहिलेला नाही.