माफी देणारं घर

रविवारी बारा वाजता आपल्या घराची अब्रू टीव्हीवर जाणार, हे जमुनाबाईला चार दिवसांपासून ठाऊक होतं. आणि तिचा मुलगा इंद्रकुमार असा की त्यानं नेमक्या त्याच वेळेला होणाऱ्या व्याह्यांना जेवायला बोलावलं होतं. सकाळपासून ती टीव्हीकडं पाठ करून बसली होती. इंद्रकुमार मात्र लग्नघरातल्यासारखा मिरवत होता. त्यानं खुर्च्या मांडल्या, टीव्हीवरची धूळ खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसली आणि शेजारच्या दुर्गेश्वरीलाही हाक मारली, "ये व, माय टीव्हीत येऊन राहिली आज!"

व्याही चैतराम सडक अर्जुनीचे. हायवेला लागून त्यांचं बी-बियाण्याचं दुकान. त्यांचा हिमांशू आणि इंद्रकुमारची नीतू यांची पसंती केव्हाच झाली होती, फक्त सुपारी फुटायची राहिली होती. ती फुटत नव्हती, कारण चैतराम खानदान पाहणारा माणूस. मुलीचं शिक्षण, रंग, उंची त्यांनी एका दिवसात पाहून घेतली आणि तीन पिढ्यांची चौकशी तीन महिने चालवली. आजवर काही वावगं सापडलं नव्हतं. सापडणार कसं? ते फक्त जमुनाबाईला माहीत होतं, आणि ते तिनं डिसेंबरात कॅमेऱ्यासमोर सांगून टाकलं होतं.

त्याचं असं झालं. 'पुरखों का पता' नावाचा एक हिंदी कार्यक्रम आहे. दर रविवारी एक सिनेनट आपल्या पूर्वजांचं गाव शोधत निघतो, कुठूनतरी पिवळा कागद निघतो, बासरी वाजते आणि नट रडतो. या वेळचा नट होता शौर्यराज. त्याच्या पणजोबाचं नाव उदाराम, आणि हा उदाराम निघाला सौंदडजवळच्या याच गावचा. धानाची कापणी आटोपली आणि दिल्लीची मंडळी कॅमेरे घेऊन दारात आली. उदारामबद्दल ऐकलेलं माणूस गावात एकच उरलं होतं, ते म्हणजे जमुनाबाई. "माँजी, आप अपनी बोली में बोलिए," त्यातली मुलगी म्हणाली. इंद्रकुमार मागाहून हिंदीत समजावून द्यायचं म्हणून बाजूला बसला, नीतू पाण्याचा तांब्या घेऊन मागं उभी राहिली, आणि जमुनाबाई बोलली.

तिनं सांगितलं ते असं. फार जुन्या काळी, दुष्काळाच्या एका साली गावाच्या बियाण्याची ढोली, म्हणजे मोठी कणगी, फुटली. धान गेलं, आणि सकाळी उदारामच्या अंगणात धान सांडलेलं दिसलं. गावानं त्याला गावदेवी मातामायसमोर मूठभर धान उचलून शपथ घ्यायला सांगितलं. उदाराम म्हणाला, मी चोरलं नाही, तर हात कायले लावू? आमच्याकडं शपथेला नाही म्हणणं म्हणजे कबुलीच. त्याला बायकोपोरासकट गाव सोडावं लागलं. त्याच्या शेताला गाव चोरबांधी म्हणू लागलं, आणि ती बांधी आली शेजारच्या रामलालकडं, म्हणजे जमुनाबाईच्या सासऱ्याकडं. मरणाच्या दारात असताना रामलालनं सुनेचा हात धरून सांगितलं होतं की ढोली त्यानं फोडली आणि उदारामच्या अंगणात धानही त्यानंच सांडलं. तीस वर्षं हे ओझं वाहून ती थकली होती. बोलून झाल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की ती त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवली.

दुसऱ्या दिवशी शौर्यराज स्वतः गावात आला. जमुनाबाई नवं लुगडं नेसून दिवसभर दारात बसली. तिला त्याच्यासमोर हात जोडायचे होते. तो घरी आलाच नाही. "त्याले टेम नव्हता, स्टेशन पाहून गेला," असं इंद्रकुमारनं सांगितलं. मग माघात नीतूचं स्थळ आलं, आणि जे सांगून हलकं वाटलं होतं तेच छातीवर धोंड्यासारखं येऊन बसलं. खरं सांगायचं तर आज सकाळी तिनं मातामायला लाईट जावी म्हणून साकडं घातलं होतं.

लाईट गेली नाही. एरवी दिवसातून चारदा जाते.

कार्यक्रम सुरू झाला. शौर्यराज मोठ्या गाडीतून उतरला, काळा चष्मा काढून धानाच्या बांध्यांकडं बघू लागला आणि बासरी वाजली.

"मले तं हे सारं नाटकच वाटते," दुर्गेश्वरी म्हणाली. "रडाच्या आधी डोऱ्यात काहीतरी घालत असतीन."

"अन् कोनाचाच आजा साधा मानूस काऊन नसते?" चैतरामच्या बायकोनं, मंदाबाईनं विचारलं. "एक तं राजा, नाई तं पैलवान. आमच्यासारखे वावरात निंदन करनारे कोठं गेले?"

चैतरामांना हे खपलं नाही. ते खुर्चीत पुढं सरकले. "तुमी बायका काय पाहून राहिल्या? कागद दाखवतेत ते. मांगच्या रविवारी त्या गानेवालीचा आजा सावकाराचा गुंड निघाला, तरी दाखवलाच ना त्याहिनं? म्हनून मी हा कार्यक्रम पाहतो. खानदान लपत नाही, बाप्पा. आज ना उद्या बाहेर येतेच."

जमुनाबाईनं इंद्रकुमारकडं पाहिलं. तो पापड मोडून खात होता. याला भीती कशी वाटत नाही? त्या दिवशी हा माझ्या शेजारी तर बसला होता. जाहिरात लागली तेव्हा ती हळूच म्हणाली, "इंद्र, बंद कर ना गा. पाहुन्याहिले जेवाले वाढू."

"बस ना माय. तुहाच नंबर येऊन राहिला."

आणि आला. पडद्यावर तिचीच ओसरी दिसली, तिचंच सुरकुतलेलं तोंड दिसलं. दुर्गेश्वरीनं टाळी वाजवली. पडद्यावरची जमुनाबाई म्हणाली, "त्या साली बियान्याची ढोली फुटली होती..." आणि तेवढ्यात तिचा आवाज बारीक झाला. वरून एका बाईचा गोड हिंदी आवाज चढला. तोंड जमुनाबाईचं हलत होतं, बोलत दुसरीच होती. ती बाई सांगत होती की बच्चे भूखे थे, उदाराम से देखा नहीं गया, और उसने बीज का धान चुरा लिया.

जमुनाबाईला आधी वाटलं, आपल्याला हिंदी नीट कळलं नाही. पण गोंदियाच्या बाजारात तिनं आयुष्यभर हिंदीतच भाव केलेला. तिला चांगलं कळलं होतं. दिल्लीच्या त्या मुलीला झाडीबोली येत नव्हती, मागाहून अंगणात ती विचारत गेली आणि इंद्रकुमार सांगत गेला, आणि त्यानं जे सांगितलं तेच जमुनाबाईच्या तोंडात बसवलेलं आज सगळा देश ऐकत होता.

इंद्रकुमार सकाळपासून इतका निर्धास्त का होता, ते तिला आता कळलं. पण कार्यक्रम संपला नव्हता. पडद्यावर चोरबांधी दिसली. शौर्यराज अनवाणी बांधावर उभा होता आणि त्याच्यासमोर, नवा पांढरा सदरा घालून, इंद्रकुमार. म्हणजे शौर्यराज नुसतं स्टेशन पाहून गेला नव्हता. शौर्यराज हात जोडून म्हणाला की माझ्या पणजोबाच्या वतीनं मी या गावाची माफी मागतो. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि दुर्गेश्वरी काहीही म्हणो, ते पाणी खरं होतं. इंद्रकुमारनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या मनानं म्हणाला, "हमने कब का माफ कर दिया, भैया."

मंदाबाईनं पदर डोळ्यांना लावला. दुर्गेश्वरीसुद्धा नाक ओढू लागली. चैतराम उठले आणि त्यांनी इंद्रकुमारला मिठीच मारली.

"याले म्हनतेत खानदान!" ते म्हणाले. "ज्याच्या बापजाद्यानं बियानं चोरलं त्याले पोटाशी धरनारं घर. मंदा, काढ ती सुपारी. आता कायले थांबाचं?"

मंदाबाईनं पिशवीत हात घातला. नीतू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिचं तोंड लाजेनं की भीतीनं लाल झालं होतं, ते जमुनाबाईला कळलं नाही. गप्प राहिलं तर सगळं ठीक होतं. पोरीचं घर बसत होतं. रामलालला मरून तीस वर्षं झाली होती, उदारामला तर किती झाली कोणाला ठाऊक. पण ज्याला लुटलं त्याच्याच पणतवाला आपल्या पोरानं माफ केलं होतं, आणि ते आपल्याच तोंडानं. जमुनाबाईला ते सहन झालं नाही.

"पाहुने, सुपारी पिशवीतच राहू द्या," ती म्हणाली. "मी टीव्हीत तसं बोललीच नाही. ढोली माह्या सासऱ्यानं फोडली. उदाराम चोर नव्हता. त्याची बांधी आमी खाऊन राहिलो."

मंदाबाईचा हात पिशवीतच होता.

चैतराम आधी हसले, मग थांबले. "पन माय, आमी आत्ताच पाहिलं ना. तुमच्याच तोंडानं."

"तोंड माहं होतं. बोलनं याचं होतं." तिनं इंद्रकुमारकडं बोट केलं.

इंद्रकुमार आईजवळ आला, तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि अगदी मायेनं, दवाखान्यात बोलतात तशा आवाजात म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका, भाऊ. संक्रांतीपासून मायचं असंच आहे. काहीबाही बोलते. डोक्यावर परिनाम झाला तिच्या."

पोटच्या पोरानं आपल्याला वेडी ठरवलं, हे समजायला जमुनाबाईला थोडा वेळ लागला. आणि समजलं तेव्हा तिला दिसलं की सगळ्यांना ते पटलंय. चैतरामांच्या कपाळावरच्या आठ्या सुटल्या. "होते म्हातारपनी," ते समजुतीनं म्हणाले. "माह्या काकाचंही असंच झालं होतं. टीव्हीवाले काय उगीच दाखवतीन? सारं तपासून घेतेत ते." मंदाबाईनं सुपारी बाहेर काढली. दुर्गेश्वरी जमुनाबाईकडं कीव आल्यासारखी बघत होती. भरल्या घरात ती एकटी पडली होती, आणि तिच्या बोलण्याला कवडीची किंमत उरली नव्हती.

"आजीचं डोकं ठिकान्यावर आहे."

नीतू दारातून पुढं आली होती.

"नीतू, अंदर जा," इंद्रकुमार म्हणाला.

"मी तिथंच उभी होती, बाबा. आजी बोलली ते मी ऐकलं अन् अंगनात तुमी त्या मॅडमले काय सांगितलं तेही ऐकलं." तिनं चैतरामांकडं पाहिलं. "आजी खरं बोलून राहिली. मी इतले दिवस चूप राहिली, कारन मले हिमांशूशी लगन कराचं होतं."

चैतराम तिच्याकडं वळले. "हे मोडलं तं?"

"मोडू द्या. पन आजीले पागल म्हनू नका."

चैतरामांनी सुपारी बायकोच्या हातातून घेतली, पिशवीत टाकली आणि चपला शोधल्या. "घरी विचार करून कळवतो," दारात ते म्हणाले. घरी विचार करून कळवतो म्हणजे काय, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. इंद्रकुमार त्यांच्यामागं हायवेच्या फाट्यापर्यंत पळत गेला. दुर्गेश्वरी कधी उठून गेली ते कोणाला कळलंच नाही. चुलीवरची भाजी खाली लागली होती.

जमुनाबाईनं नीतूला जवळ बसवलं. पोरगी हमसून हमसून रडत होती, आणि जमुनाबाईला तिच्यासाठी वाईट वाटत होतं आणि अभिमानही वाटत होता, आणि त्या अभिमानाची तिला लाज वाटत होती.

चार वाजता तोच भाग पुन्हा लागला. त्यांचा टीव्ही बंद होता, पण गावात भिंतीला भिंत लागलेली, दुर्गेश्वरीच्या घरातून बासरी ऐकू आली, मग पलीकडच्या घरातून, मग त्याच्या पलीकडच्या. घराघरात इंद्रकुमार पुन्हा उदारामला माफ करायला निघाला होता.

जमुनाबाई उठली. गुडघे दुखत होते तरी उठली आणि दुर्गेश्वरीच्या ओसरीवर चढली. आत सगळे टीव्हीला डोळे लावून बसले होते.

"आवाज कमी कर व," ती म्हणाली. "आता मी सांगून राहिली ते ऐक."

दुर्गेश्वरीनं रिमोट हातात घेतला, पण आवाज कमी केला नाही. जमुनाबाई टीव्हीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि बोलू लागली. मागून नीतू आली आणि तिच्या बाजूला उभी राहिली.